तीन ठोके

यार्डात तिला सगळे तिखट म्हणत, आणि ती ते नाव मिरवायची. काम फोर्कलिफ्टवर. रिकामा कंटेनर परत पाठवायचा म्हणजे भाडं भरून हवा वाहायची. म्हणून मालकाने घडीचे कंटेनर आणले. भिंती आत दुमडायच्या, चारांच्या घड्या एकाच्या जागेत. सोय खरीच. पण खिळ्या काढल्यावर भिंत नुसती फोर्कलिफ्टच्या जिवावर उभी. म्हणून कामगारांनी आपापसात रीत पाडलेली: भिंत सोडण्याआधी बाहेरून पान्याचे तीन ठोके. आत कोणी असेल तर त्याने उलट ठोकायचं. उत्तर नाही, म्हणजे आत कोणी नाही.

"बँड लावलाय का इथे?" म्हणत सुपरवायझरने रीत मोडली. त्याच आठवड्यात दुसऱ्या पाळीत भिंत आत काम करणाऱ्या तिच्या दादाच्या हातावर आली. चौकशीत सुपरवायझर म्हणाला, "प्यायला होता." दादाने जन्मात दारूला तोंड लावलं नव्हतं. हात गेला तो गेलाच, वर नावही गेलं. तिखटने नोकरी सोडली नाही. डूख धरून बसली.

एके दिवशी गिऱ्हाईक घडीचे कंटेनर पाहायला आलं. सुपरवायझर छप्पर काढलेल्या कंटेनरच्या मधोमध उभा राहून बाहेरच्या गिऱ्हाइकाला बिजागऱ्या दाखवत होता. "एक माणूस, एक फोर्कलिफ्ट. पोरखेळ आहे."

खिळ्या निघाल्या होत्या, भिंत तिखटच्या फोर्कलिफ्टवर पेललेली. तिखटने हात लांबवून भिंतीवर पाना आपटला. एक, दोन, तीन. आतून काहीच नाही. त्याला उत्तर द्यायचं माहीत कुठे होतं.

"आत कोणी नाही म्हणायचं," ती म्हणाली आणि भिंत झुकवली.

"अगं ए, मी आहे आत!" त्याचे पाय जागीच खिळले. भिंत डोक्याशी आली तेव्हा तो गुडघ्यांवर होता. तिने तिथेच थांबवली.

"माझा दादा प्यायला होता का हो, साहेब?"

"वर घे आधी."

भिंत बोटभर खाली आली.

"नव्हता! नव्हता प्यायला. ठोके मीच बंद केले होते."

गिऱ्हाईक ऐकत होतं, अख्खं यार्ड ऐकत होतं. तिने भिंत उचलली, चावी सीटवर ठेवली आणि कोणी काढून टाकायच्या आत फाटकाबाहेर पडली.

घरी दादाने सगळं ऐकलं. उरलेल्या हाताने मांडी चोळत बसला.

"रडला का गं?"

"ओलाचिंब झाला होता. घामाने का कशाने, नाही विचारलं."

"पुन्हा सांग," दादा म्हणाला. "ठोक्यांपासून."