गोल शिक्क्याचा कागद

“तुला समजून काय करायचंय? डॉक्टरीण व्हायचंय का?”

तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हे विचारलं आणि मागची सगळी रांग हसली. मी सोळा वर्षांची होते, दहावी पास. माझी थोरली बहीण सुनंदा शेजारच्या बाकावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. तिची हाडं लहानपणापासून दुखायची. तिच्या रक्ततपासणीचा कागद माझ्या हातात होता. मी एवढंच विचारलं होतं, “साहेब, हे एसएस म्हणजे काय हाय?”

त्यांनी केसपेपरवरचं आडनाव वाचलं. मग माझ्याकडे बघितलं.

“तुम्हा लोकांना फुकट तपासून द्यायचं, वर शिकवायचं पण? गोळ्या लिहिल्यात. चल, पुढचा कोण?”

मी कागद घेऊन बाजूला झाले. हसणाऱ्यांत आमच्या गावची माणसंही होती. रागानं डोळे भरले, पण तोंडातून शब्द फुटला नाही. त्या न फुटलेल्या शब्दाचा मला आजही संताप येतो.

घरी बाबांनी कागद दोन्ही हातांनी घेतला. खाली गोल शिक्का होता. आमच्या घरात गोल शिक्क्याचा कागद वाचायचा नसतो, सांभाळायचा असतो. जातीच्या एका दाखल्यासाठी बाबांनी तहसीलचे इतके उंबरठे झिजवले होते, की शिक्का दिसला की त्यांचा हात लोखंडी पेटीकडेच जायचा. त्यांनी चौकातून लॅमिनेशन करून आणलं आणि कागद दाखल्यांच्या गठ्ठ्यात ठेवला.

“कामात येईन कधी तं,” म्हणाले.

मला वाचता येत होतं. मीही तो पुन्हा बाहेर काढला नाही.

पुढच्या मे महिन्यात आम्ही दोघी तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेलो. दुपारी घरी पोचेपर्यंत सुनंदाचे ओठ पांढरे पडले होते. दारातच बसली.

“पाणी दे वं.”

मी माठातून गडू भरला. द्यायच्या आधी थांबले. उन्हातून आल्यावर लगेच पाणी पिऊ नये, असं आईनं शिकवलेलं. “थांब जराशीक. घाम सुकू दे,” मी म्हटलं. तिनं पुन्हा मागितलं. मी गडू पाठीमागे धरला. मीच.

संध्याकाळी तिच्या छातीत कळा सुरू झाल्या. चंद्रपूरला नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

तिथल्या नर्सबाईंनी विचारलं, “पोरीले सिकलसेल होता. आधी कधी रक्त तपासलं नाई का? अशा माणसाले उन्हात राबवत नाई. पाणी पाजत राह्यचं असते.”

“तपासलं ना बाई,” बाबा म्हणाले. “कागद जपून ठेवला हाय.”

एसएस म्हणजे काय, ते मला असं कळलं.

अजूनही मी माठात गडू बुडवते आणि मागून आवाज येतो. पाणी दे वं. मी वळून बघत नाही. भरलेला गडू दारात ठेवते आणि कामाला लागते.

लग्न झालं. पोटात बाळ होतं तेव्हा माझं रक्त तपासलं. खिडकीतल्या माणसानं कागद सरकवला. “पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवा. सरका.”

मी खिडकीचा गज धरला.

“मी हटत नाई. यात काय लिहिलं हाय ते सांगा.”

“मागे लाइन आहे, बाई.”

“राहू द्या. त्याईलेही समजू द्या.”

रांग ओरडली, मग हसली. ते हसू माझ्या ओळखीचं होतं. मी गज सोडला नाही. शेवटी आतून एक बाई आल्या आणि बोट ठेवून ओळ न ओळ सांगितली. मी एएस. म्हणजे मला आजार नाही, पण माझ्याकडून तो पुढे जाऊ शकतो. नवराही तसाच असेल तर पोटातल्या बाळालाही होऊ शकतो. मी नवऱ्याला त्याच दिवशी तपासायला लावलं. तोही एएस निघाला.

मुलगी झाली. तिचा कागद आला तेव्हा अर्थ कोणाला विचारावा लागला नाही. एसएस. दवाखान्याच्या भिंतीला टेकून मी पोटभर रडले.

त्या कागदाला मी लॅमिनेशन केलं नाही. माठाच्या वरच भिंतीला चिकटवलाय. धुरानं पिवळा पडला, कडा फाटल्या, पण घरातल्या प्रत्येकाला तो पाठ आहे. मुलगी आता चार वर्षांची आहे. तिनं मागायच्या आधी गडू तिच्या ओठाला लागतो.

गावात कोणाच्याही हातात तपासणीचा कागद पडला, की मी त्याच्यासोबत दवाखान्यात जाते. डॉक्टरांसमोरच्या स्टुलावर बसते.

“तुम्ही कोण?” ते विचारतात.

“मी सुनंदाची बहीण. वाचा, साहेब.”

शेवटची ओळ समजेपर्यंत मी त्या स्टुलावरून उठत नाही. कोणाला हसायचं असेल त्यानं हसावं. मला उठवायचंच असेल, तर उचलून बाहेर टाकावं लागेल.