पिंगीचं पथ्य

वानखेडे काकू आपल्या मांजरीला 'अहो' म्हणत. "अहो पिंगीबाई, मान खाजवून काय करून राहिल्या?" हे त्यांचं नागपुरी बोलणं तुलसी नगरातल्या आमच्या इमारतीच्या जिन्यात रोज ऐकू यायचं. काकू सरकारी कचेरीतून टायपिस्ट म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्याच राहायच्या.

पिंगीला त्वचेची अ‍ॅलर्जी होती. मानेवर खपल्या, पोटावरचे केस चाटून चाटून गेलेले. कशानंच गुण येईना, तेव्हा डॉक्टरांनी नवं औषध दिलं आणि बजावलं, "यानं खाज थांबेल, पण अंगातली रोगाशी लढायची ताकद कमी होईल. कच्चं मांस द्यायचं नाही, बाहेर सोडायचं नाही, उंदीरही मारू द्यायचा नाही." जन्मभर शाकाहारी असलेल्या काकू नाकाला पदर लावून चिकन उकडायच्या. "औषध डॉक्टरचं, पथ्य आपलं," म्हणायच्या. महिन्याभरात पिंगीची मान भरून आली.

मग बहीण आजारी पडली म्हणून काकूंना पाच दिवस नागपूरला जावं लागलं. किल्ली माझ्याकडे होती. पिंगी उकडलेल्याला तोंड लावेना. तिसऱ्या दिवशी मी हरले आणि कच्च्या कलेजीचे तुकडे तिच्यापुढे ठेवले. तिनं ताटली चाटून पुसली. एकदाच तर दिलं, म्हणून मी काकूंना बोलले नाही.

तीनेक आठवड्यांनी पिंगीला ताप भरला. श्वास घेताना बरगड्या वरखाली होत होत्या. डॉक्टरांनी विचारलं, "कच्चं काही खाल्लं होतं?"

"माझ्या घरात? शक्यच नाही," काकू म्हणाल्या. मी त्यांच्या शेजारीच उभी होते.

डॉक्टर दुसरीच कारणं शोधत राहिले. चौथ्या दिवशी तपासणीत कळलं, कच्च्या मांसातून किंवा शिकारीतून येणारा जंतू. त्यावरचं औषध सुरू झालं, पण त्याच संध्याकाळी पिंगी गेली.

"उंदीर शिरला असेल. माझंच लक्ष नव्हतं," असं म्हणत काकू घरातल्या फटी बुजवत बसल्या. मांजर उरली नव्हती, तरी न्हाणीघराची जाळी बदलून घेतली. ते बघवेना, तेव्हा मी सगळं सांगितलं.

काकूंनी हातातलं काम थांबवलं. मग म्हणाल्या, "कलेजी दिली त्याचं काही नाही, मेघा. भुकेल्या जिवाला कोणीही देईल. पण डॉक्टरनं विचारलं, तेव्हा तू तिथंच होतीस."

त्या उन्हाळ्यात काकू कायमच्या नागपूरला गेल्या. निरोप घ्यायला आल्या, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. बसल्या मात्र नाहीत.