धक्क्यावर ऐकू आलेली हाळी

असे अनुभव मी वाचतो ते करमणूक म्हणून, हे आधीच सांगून टाकतो. बायको वाचून घाबरते आणि मी तिला चिडवतो, असा आमचा कार्यक्रम असतो. स्वतः लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं... आता आलीच आहे, तर झालं तेवढंच लिहितो. पदरचं काही घालत नाही.

मी राहायला अंबरनाथ पूर्वेला, कामाला उल्हासनगरला — एका सिंधी शेठच्या जीन्सच्या कारखान्यात सुपरवायझर. आमचं गाव बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या फुगवट्याला लागून. आजोबा घरातून निघून चालत शेतावर जायचे. मग धरणाचं पाणी मधल्या खोलगटात भरलं आणि गाव अलीकडे, शेतं पलीकडे अशी वाटणी झाली. तेव्हापासून होडी आहे. आधी ट्यूबवर फळ्या बांधलेला तराफा होता म्हणे, मग लाकडी होडी, आता इंजिनवाली फायबरची. धक्का म्हणजे दगड रचून वर सिमेंट ओतलेला उतार आणि एक पत्र्याची शेड, बस्स. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक. गावकऱ्यांनी सुगीला होडीवाल्याला भात घालायचं, पाहुण्यांनी रोख द्यायचे. माणसं, शेळ्या, खताच्या गोण्या... एकदा नवरदेवाची बुलेटसुद्धा गेलीय त्या होडीतून.

मधल्या वेळेत कोणाला यायचं असेल तर काठावरून हाळी द्यायची. पाण्यावरून आवाज स्वच्छ येतो. होडीवाला बाळू — माझ्याच वयाचा — "आलोऽऽ" अशी ओ देतो. एकदा ओ दिली की जायलाच लागतं, भले ताटावरून उठायला लागो. प्रत्येकाची हाळी वेगळी. त्यामुळे कोण बोलावतंय ते बाळूला माणूस दिसायच्या आधी कळतं.

माझ्या बाबांची हाळी "बाळग्याऽऽ, होऽऽ" अशी होती. होती म्हणतो, कारण घशाच्या कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. श्वास मानेला पाडलेल्या भोकातून घेतात. आवाज अजिबात नाही — कुजबुजसुद्धा नाही. नुसते ओठ हलवतात, आम्हा घरच्यांना कळतं. शेतावरून परतायचं असेल तर जेवणाच्या डब्यावर दगड ठोकतात. आता शेत सोडा म्हटलं तर ऐकत नाहीत, तो वेगळा विषय.

त्या दिवशी बाबा सकाळच्या फेरीने पलीकडे गेले होते. त्यांची औषधं घेऊन मी हाफ डे टाकून दुपारी बाइकवर गावी पोचलो आणि शेडमध्ये बाळूशी गप्पा मारत बसलो. गावातली धोंडीमावशी शेळी घेऊन सावलीला बसली होती. ऊन मरणाचं. पलीकडे कोणी दिसत नव्हतं.

"बाळग्याऽऽ, होऽऽ..."

बाळूने सवयीने ओ दिली, उठला, दोर सोडायला वाकला — आणि तसाच थांबला. मावशीच बोलली, अगदी आनंदाने, "अगं बया, भाऊ बोलाया लागला? कवापास्नं?" गावात बाबांना सगळे भाऊ म्हणतात.

"दादा, मी नाय जायाचा," बाळू म्हणाला. "ह्यो भाऊंचा आवाज हाय. आन् भाऊंना आवाज नाय."

खरं सांगतो, मला भीती नाही वाटली, राग आला. कोणीतरी नक्कल करून बाबांची टिंगल करतंय, असंच डोक्यात आलं.

"चल, बघू तरी कोण शहाणा आहे," मी म्हणालो. "ओ दिलीस ना तू?"

"दिली ना... तितंच फसलो," असं पुटपुटत त्याने इंजिन सुरू केलं.

काठ जवळ आला तसे बाबा दिसले. उतारावर उताणे पडलेले, एक पाय वरच्या दगडांत अडकून मोडलेला, डोकं पाण्याच्या बाजूला. मानेचं भोक आणि पाणी यांत जेमतेम चार बोटांचं अंतर. तिथून पाणी गेलं तर थेट फुफ्फुसात. डबा लांब, वर बांधावर.

बाळूने तिथेच इंजिन बंद केलं. "लाट जाईल," एवढंच म्हणाला.

मी कमरेएवढ्या पाण्यात उतरलो. पाणी हलू नये म्हणून पाय ओढत ओढत गेलो. इतका हळू मी आयुष्यात कधी चाललेलो नाही. त्यांचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा मात्र रडलो. दुपार कलली की तिथे वारा सुटतो आणि लाटा काठावर चढतात. आम्ही संध्याकाळच्या फेरीची वाट बघत बसलो असतो तर काय झालं असतं, ते लिहीत नाही.

मग विचार केलाच. आसपासच्या शेतांत कोणी नव्हतं, बाळूने फिरून बघितलं. प्रतिध्वनी म्हणावा तर कशाचा? बाबांनाच आवाज फुटला असेल का, असं डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले शक्यच नाही. तिघांना एकाच वेळी एकच भास? शेळीनेही कान टवकारले होते, असं मावशी सांगते. शेळीची साक्ष मी धरत नाही.

पायाचं ऑपरेशन झाल्यावर बदलापूरच्या हॉस्पिटलात मी बाबांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग ओठ हलले, "कसा होता?"

"कोण?"

"आवाज."

"होता तसाच," मी म्हणालो. "पहिल्यासारखा. खणखणीत."

त्यांनी मान खिडकीकडे वळवली. मग पुन्हा काहीतरी म्हणाले. ते कळायला मला दोनदा विचारावं लागलं.

"मी शुद्धीवर होतो रे. बाळूची ओ मला ऐकू आली. तो कोणाला ओ देतोय, हेच कळेना."

भुताखेतांवर माझा अजूनही विश्वास नाही आणि या गोष्टीचा खुलासाही माझ्याकडे नाही. पण तो आवाज आम्हा तिघांना ऐकायला मिळाला आणि त्यांना स्वतःला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.