काकांच्या घरातलं निर्णायक मत

रायपूरच्या शंकर नगरातल्या आमच्या शेजारच्या काकांइतकी लोकशाही जगातल्या एकाही देशाला झेपली नसती. त्यांच्याकडे वांग्याची भाजीसुद्धा बहुमतानं निवडून येई. काकांची नोकरी रेल्वेतली, पण दर निवडणुकीत मतदान केंद्रावर ड्यूटी लागायची आणि तिथंच हे वेड लागलं. दोन कपाटं भरून देशोदेशींच्या घटना, निवडणूक कायदे, नमुन्याच्या मतपत्रिका. काकूंच्या साड्या बिचाऱ्या पलंगाखालच्या ट्रंकेत. आपलं संविधान तेवढं बैठकीत, हाताशी. विचारलं तर म्हणत, "बाकीच्या घटना वाचासाठी, हे पाळासाठी."

बरं, नुसतं जमवून थांबले असते तर ते काका कसले! एका देशात लोक ड्रममध्ये गोटी टाकून मत देतात, हे वाचल्याबरोबर त्यांनी पिठाचे दोन डबे रिकामे केले. पोहे की उपमा, यावरून घरभर टणटण. ऑस्ट्रेलियाची पद्धत आली तेव्हा पाच भाज्यांना पसंतीक्रम द्यावा लागला आणि एकट्या काकांचा आवडता दोडका इतरांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीवर निवडून आला. मुलांनी तोंडं वाकडी केली, तर काका म्हणाले, "जनादेश हाये बाप्पा. गिळा!"

पुढे मुलगी लग्न होऊन गेली, मुलगा नवा रायपूरला राहायला गेला आणि घरात उरले दोन मतदार. रोज एक विरुद्ध एक! मग काकांनी रीतसर घटनादुरुस्ती केली आणि निर्णायक मत मला दिलं. सकाळी कुंपणावरून हाक यायची, "ए पोट्टे, लवकर ये, बराबरी झाली!" मागून काकू, "इथं फोडणी जळून राहिली अन् याईचं मतदानच सुरू!" कारल्याला निवडून देऊन मी कितीदा ऑफिसला उशिरा पोचले. साहेबांना कारण काय सांगणार, डोंबल?

मागच्या हिवाळ्यात मुलगा म्हणाला, घर विकून आमच्याकडेच या. मलाही गळ घातली, "दीदी, आप ही समझाओ ना." काकूंचा जीव तिथल्या नातीत, काकांचा या घरात. दोघांनी मला वेगवेगळं गाठून तसं सांगितलंही होतं. शेवटी मतदान ठरलं. 'जाणे' आणि 'राहणे', गुप्त शिक्का, मोजणीला मी. चिठ्ठ्या उघडल्या आणि म्हटलं, "बराबरी."

ते ऐकून दोघं एकदम एकमेकांकडे वळले. काका म्हणाले, "मी तं 'जाणे'वर मारला. मंग तू 'राहणे'वर काहून मारला?"

"तुमच्यासाठीच तं! तुमी काहून 'जाणे'वर मारला?"

"तुले नातीजवळ राहाचं होतं ना."

काकांनी उगाचच चष्मा पुसला आणि शिक्का माझ्यापुढे सरकवला. खरं सांगते, मला 'राहणे'वर शंभरदा मारावासा वाटला. ही दोघं गेली तर मला शेजारी उरतंच कोण? पण काकूंच्या चेहऱ्याकडे बघून मी 'जाणे'वर मारला. आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या विरोधात मत दिलं.

निघताना गाडीच्या खिडकीतून काका म्हणाले, "पोरगा-सून धरून तिकडं मतदार चार. बराबरी होईनच. फोन जवळ ठेवजो."

अजून फोन आलेला नाही. तिकडे सगळ्यांचं एकमत होत असावं. चांगलंच आहे म्हणा, पण मला करमत नाही.