आप्पांची उर्दू चिठ्ठी

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. त्या साली पावसानं पाठ फिरवलेली, आमच्या वृद्धाश्रमात प्यायचं पाणीसुद्धा टँकरचं. तिथली नर्स मी एकटीच.

उदगीरला चाळीस वर्षं किराणा दुकान चालवलेले एक लिंगायत आप्पा तिथं राहायचे. निजामाच्या काळात शिकलेले, त्यामुळे उर्दू सफाईनं वाचायचे, मराठी अक्षर मात्र लागत नसे. ब्लडप्रेशरच्या गोळ्यांच्या पुडीवर ते स्वतःच उर्दूत चिठ्ठी चिकटवायचे. कधी चूक झाली नाही.

मग नव्या जिल्ह्याचे साहेब पाहणीला येणार असं कळलं. व्यवस्थापकांनी सगळ्यांच्या पुड्या फोडल्या, गोळ्या एकसारख्या काचेच्या बाटल्यांत ओतल्या, इंग्रजी लेबलं लावली आणि हॉलमधल्या उघड्या फळीवर मांडल्या.

मी म्हणाले, "सर, गोळ्या वाटणाऱ्या मावशींना इंग्रजी येत नाही."

"पाहणीपुरतं आहे. तुम्ही तुमचं काम बघा."

साहेब आले, चहा प्यायले, फळी बघून खूश होऊन गेले. बाटल्या तशाच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तर आप्पा खाटेवर घामानं निथळत होते, हात थरथरत होते. मावशी रडवेल्या झालेल्या. "चिठ्ठी कुठं हाय म्हनून लई इचारत होते ओ सिस्टर. मीच म्हनलं, घ्या गप."

मी बाटली बघितली. मधुमेहाची गोळी, तीही उपाशीपोटी! आप्पा शुद्धीवर होते म्हणून निभावलं. साखरेचं पाणी घोटघोट पाजलं, डॉक्टरांना बोलावलं. दुपारपर्यंत ते सावरले.

संध्याकाळी रजिस्टर उघडलं. व्यवस्थापकांनी लिहिलेलं : 'अशिक्षित रुग्णाच्या निष्काळजीपणामुळे.'

अशिक्षित! माझ्या अंगाची लाही झाली. रजिस्टर घेऊन तशीच त्यांच्या खोलीत गेले. "हे बदला. नाहीतर खरं काय झालं ते मी साहेबांना लिहून कळवते."

त्यांनी माझ्याकडे न बघता ओळ खोडली. आप्पांची माफी मात्र मागितली नाही.

सरमिसळ झालेल्या गोळ्या डॉक्टरांनी टाकून द्यायला लावल्या. मी प्रत्येकाचा वेगळा डबा केला, नाव आणि वेळ मराठीत लिहिली, कपाटाला कुलूप लावलं. आप्पांच्या डब्यावर उर्दू त्यांनीच लिहिलं.

पुढं साहेबांचं शाबासकीचं पत्र आलं, औषधांच्या नीटनेटक्या मांडणीबद्दल. ते फ्रेम करून ऑफिसात लावलं. मी नोकरी सोडली तेव्हाही ते भिंतीवरच होतं.