वाचनालयातली झोप

नाशिकला निघाले तेव्हा अर्ध्या आळीने माझ्याजवळ देवाचे निरोप दिले. शेजारच्या वहिनींना त्र्यंबकेश्वरी अभिषेक हवा होता, त्यांच्या जावेला वणीच्या देवीची ओटी भरायची होती, आणि समोरच्या काकांनी गोदावरीचं पाणी आणायला रिकामी बाटली दिली. मी म्हटलं, अहो, मी वाचनालयं बघायला चाललेय. त्यावर काका म्हणाले, "असू दे की, जाता जाता होईलच दर्शन." चिपळूणजवळच्या आमच्या गावात बाई प्रवासाला निघाली की एक तर लग्नाला, नाही तर देवाला. तिसरं कारण सांगितलं की लोक डॉक्टरांचं नाव विचारतात.

कारण साधंच होतं. आमच्या गावच्या वाचनालयाच्या समितीवर मी आहे. म्हणजे समितीत एक तरी बाई हवी, म्हणून मी आहे. आमच्याकडे पुस्तकं भरपूर आणि माणसांचा दुष्काळ. मागच्या सभेत कुणीतरी पिल्लू सोडलं की नाशिककडची वाचनालयं फुकटात बरंच काय काय करतात आणि तिथं माणसं येतात, तर जाऊन बघून यावं. कोण जाणार म्हटल्यावर ज्यांच्या गळ्यात नातवंडं आहेत ते सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझा नातू लांब परदेशात, त्यामुळे मी सापडले.

एसटीने रात्रभर हाडं खिळखिळी करून सकाळी नाशिकात उतरवलं. आधी पोटाची सोय केली. इथे मिसळीबरोबर भाजलेला पापड देतात. का, म्हणून वाढणाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "असतोच." इतकं पटणारं उत्तर मला आमच्या समितीत कधी मिळालेलं नाही. मिसळ तिखट होती, पण डोळ्यांतून पाणी काढून वर नाव कमावणाऱ्यांतली नव्हती. मी दोनदा रस्सा मागितला.

बाहेर रिक्षावाला उभाच होता. "रामकुंड ना, मावशी?"

"वाचनालय."

"आधी दर्शन करून घ्या, मग सोडतो."

"बाबा, मला वाचनालयातच जायचंय."

त्याने आरशातून मला नीट न्याहाळलं. "जा, जा. तिथलं पाणी एकदम गार असतं. आम्ही सगळे बाटल्या तिथंच भरतो." म्हणजे पहिली मोफत सेवा मला पोचायच्या आधीच कळली.

शहरातलं वाचनालय ऐसपैस होतं. खाली मुक्तद्वार (सभासद नसलात तरी आत येऊन पेपर वाचायची मोकळीक), वर परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींची खोली, आणि मागे सभागृह, तिथे दर शनिवारी मुलांना गोष्टी सांगतात. मुक्तद्वारात निवृत्त मंडळी एकेका पेपरची पानं वाटून घेऊन बसली होती. एकाकडे क्रीडा, दुसऱ्याकडे निधनवार्ता, आणि तिसरा दुसऱ्याकडची निधनवार्ता मोकळी होण्याची वाट बघत. दारातल्या टेबलावर शब्दकोड्याच्या झेरॉक्स प्रतींचा गठ्ठा होता. तिथल्या ग्रंथपाल बाई, वयाने माझ्याएवढ्याच, म्हणाल्या, "ही आमची सगळ्यात लोकप्रिय सेवा. पूर्वी जो पहिला यायचा तो पेनाने कोडं भरून टाकायचा. बाकीचे मग त्याला शोधत फिरायचे. एकदा प्रकरण हातघाईवर आलं, तेव्हापासून आम्ही प्रती काढतो."

मी हे सगळं बघून घेतलं आणि म्हटलं, आमच्याकडे पेपरासाठी मारामारी करण्याइतकी माणसं असती तर मी इथे आलेच नसते. बाई हसल्या. "मग उद्या निफाडकडे जा. माझी विद्यार्थिनी एका गावात ग्रंथपाल आहे, सुरेखा. तिच्याकडे उद्या कार्यक्रम आहे. मी फोन करून ठेवते."

त्या गावाचं नाव मी सांगत नाही, कारण तिथलं भांडण अजून ताजं असेल. बस निफाड सोडून पुढे निघाली तशा दोन्ही बाजूंनी द्राक्षबागा लागल्या. तोडणीचे दिवस होते. डोक्याला फडकी बांधलेल्या बायका कॅरेटं (द्राक्षं भरायची प्लास्टिकची जाळीदार खोकी) टेम्पोत चढवत होत्या. बसमधल्या एका अनोळखी बाईने काही न बोलता माझ्या ओंजळीत द्राक्षांचा घड ठेवला. पुढच्या थांब्यावर दुसरीने ठेवला. उतरेपर्यंत माझी पिशवी गळायला लागली होती.

सुरेखा स्कूटी घेऊन थांब्यावर आली होती. तिशी-पस्तिशीची, चटपटीत, पण चेहरा पार उतरलेला. मी मागे बसल्यावर तिने गाडी सुरूच केली नाही.

"ताई, आजचे पाहुणे येत नाहीयेत. त्यांची तब्येत बिघडली. तुम्ही बोलाल का?"

"मी? मला इथे कोण ओळखतं?"

"तेच बरं. बाहेरगावचं माणूस म्हणजे पाहुणा. तुम्हाला बोलता येतं ना?"

बोलता येत नाही अशी कोकणातली बाई अजून जन्माला यायची आहे, असं मी म्हणाले आणि फसले. कारण खरी गोष्ट तिने मग सांगितली.

वाचनालय म्हणजे एक मोठी खोली. पंखे, कूलर, थंड फरशी. पूर्वी दिवसभर तिथे पुरुष पेपर घेऊन बसायचे आणि बायका पायरीसुद्धा चढायच्या नाहीत. सुरेखाने समितीच्या मागे लागून दुपारची वेळ फक्त बायकांसाठी ठेवून घेतली. घरोघर जाऊन, विनवून, एकेकीला आणून बसवलं. आता खोली भरते. आणि गावातले मोठे बागायतदार आण्णा, जे समितीतही आहेत, त्यांचं म्हणणं असं की बायका तिथे वाचत नाहीत, झोपतात. मग दुपारच्या उन्हात पुरुषांनी बसायचं कुठं?

"मग झोपतात का खरंच?"

"झोपतात," सुरेखा म्हणाली. "काही वाचतात, पण बऱ्याच झोपतात. ऊन चढायच्या आत तोडणी, मग स्वयंपाक, मजुरांची जेवणं, भांडी. घरी जरा आडवं झालं की कुणीतरी म्हणतं, चहा टाक. इथं कुणी म्हणत नाही."

"मग समितीला तसं सांग की."

"कसं सांगू, ताई? वाचनालय झोपायला असतं असं मी कुठल्या तोंडानं सांगू? आज आण्णा स्वतः बघायला येणार आहेत. व्याख्यानात एक जरी बाई झोपलेली दिसली, तर उद्यापासून बायकांची वेळ बंद. अध्यक्षांनीही मान डोलावलीय. एकदा बंद झाली की या परत उंबरा चढायच्या नाहीत. तुम्ही काहीही बोला, पण त्यांना जागं ठेवा."

विषय काय, विचारलं. 'वाचनाचे महत्त्व'. हा विषय ज्याने शोधून काढला त्याचा गाद्यांचा कारखाना असणार.

खोलीत बायका दाटीवाटीने सतरंजीवर बसल्या होत्या. मागे भिंतीला टेकून पुरुष उभे, त्यांच्यात आण्णा. सत्तरीचे, पांढरंशुभ्र धोतर, हात मागे बांधलेले. मी नमस्कार केला.

"ताई, तुमच्यावर राग नाय," ते म्हणाले. "पण वाचनालय काय झोपा काढायला हे का? आमी बसायचं तरी कुठं?"

पुढे बसलेली मंदा नावाची एक बाई वळून म्हणाली, "आण्णा, तुमी तोंडावर पेपर घेऊन काय वाचता, ते घोरण्यावरून कळतं आमाला."

बायका खुसखुसल्या. चला, जाग्या तर आहेत, असं मनात म्हणून मी खुर्चीवर बसले.

पण दीपप्रज्वलनाने घात केला. पंख्याने काडी विझते म्हणून पंखे बंद केले. वात पेटेना. पेटली तर राहीना. मग सत्कार. अध्यक्षांनी उपाध्यक्षांचा केला, उपाध्यक्षांनी सचिवांचा, सचिवांनी परत अध्यक्षांचा, आणि टाळ्या प्रत्येकाला. मला शाल, नारळ आणि द्राक्षांची पेटी मिळाली. भर मार्चात शाल पांघरून, मांडीवर पेटी घेऊन, मी घामाने निथळत होते. बायका पदराने वारा घेत होत्या. आणि नेमकी मी बोलायला उठले तेव्हा कुणीतरी पंखे आणि कूलर सगळं एकदम सुरू केलं. त्या गार वाऱ्याने खोलीतून जो सुस्कारा उठला, तो ऐकूनच मी ओळखलं की आपलं काही खरं नाही.

तरी मी जीव तोडून बोलले. वाचनाने माणूस शहाणा होतो म्हणाले, डाव्या बाजूच्या तिघी पेंगायला लागल्या. लगेच विषय बदलून आमच्या न्हाणीघरात निघालेल्या नागाची गोष्ट सांगितली. सगळ्या ताठ बसल्या. नाग निघून गेला तशा परत ढिल्या झाल्या. मी प्रश्न विचारले, आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. सुरेखा पाण्याचा तांब्या घेऊन रांगांतून फिरत होती आणि जिची मान कलेल तिला गुडघ्याने ढोसत होती. माझ्या भाषणाने माणसं अशी आडवी पडताना बघून मला रागही यायला लागला होता. आमच्याकडे निदान उठून जातात.

मग आण्णांचा आवाज आला. "अध्यक्ष, हे बघा." ते भिंतीपासून पुढे आले होते आणि कोपऱ्यातल्या एका बाईकडे हात करत होते. "ही झोपली का नाय? सांगा आता." सुरेखाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मी बोलायची थांबले.

कोपऱ्यात एक म्हातारी बाई भिंतीला डोकं टेकून झोपली होती. पदर तोंडावर आलेला. मंदाने हळूच तो बाजूला केला. आण्णांचा हात तसाच वर राहिला.

"ही आमची हे," ते म्हणाले.

त्या पार्वताबाई, आण्णांची बायको.

"काकू रोजच येती," मंदा म्हणाली. "तुमी जेवून आडवं झालात की येती, आन् तुमी उठायच्या आत चहाला घरी."

आण्णा कुणालाच उद्देशून नाही असं बोलले. "मी हिला झोपलेली पाह्यलीच नाय कधी. निजते माझ्या मागून, उठते माझ्या आधी. पोरं झाली तवा बी नाय पाह्यली."

अध्यक्षांनी खाकरून विचारलं, "मग आण्णा, वेळ बंद करायच्या ठरावाचं काय करायचं?"

"हळू बोल," आण्णा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात, "ताई, तुमी बोलत राहा. थांबलात तर जाग येईल तिला."

मला रडू आलं. चारचौघांत रडायची मला सवय नाही, म्हणून मी पाणी प्यायले आणि बोलायला लागले. खालच्या पट्टीत, एकसुरी. वाचनाचं महत्त्व संपलं तेव्हा मी कैरीच्या लोणच्याची कृती सांगितली. ती संपल्यावर आमच्या गावापासून नाशिकपर्यंतचे बसचे थांबे सांगितले. एकेक करून सगळी खोली झोपली, मागचे पुरुषही भिंतीला टेकून खाली बसले आणि झोपले. कुणी कुणाला ढोसलं नाही. सुरेखाही तांब्या खाली ठेवून टेबलावर डोकं टेकून पडली. जागे फक्त मी आणि आण्णा.

पार्वताबाई उठल्या तेव्हा समोर नवरा बघून दचकल्या. पदर सावरत म्हणाल्या, "अगंबाई, चहा ऱ्हायला ना तुमचा?"

"पिऊन आलो," आण्णा म्हणाले. प्यायले नव्हते. तासभर तर तिथेच उभे होते.

दुसऱ्या दिवशी मी परत निघाले. अभिषेक झाला नाही, ओटी राहिली, बाटली रिकामीच आली. द्राक्षांची पेटी मात्र मांडीवर घेऊन आले आणि आळीत प्रसाद म्हणून वाटली. समितीच्या सभेत सगळ्यांनी विचारलं, काय बघून आलात, काय उपक्रम, किती पुस्तकं. मी म्हटलं, पुस्तकं असतातच. पण घरातून निघून बसावं आणि तिथं आपल्याकडे कुणी काही मागू नये, अशी जागा बाईमाणसाला गावात दुसरी नसते, ती तेवढी करा. समितीने यावर विचार करू असं ठरवलं. आमची समिती विचार फार करते.

परवा सुरेखाचा फोन आला. बायकांची वेळ राहिली. ठराव आण्णांनीच मांडला.

"आणि पार्वताबाई येतात का अजून झोपायला?"

"येतात, पण झोपायला नाही. दुपारी घरीच झोपतात आता. मग इथं येऊन वाचत बसतात. चौथीच शिकल्यात, पण वाचायचा वेग जबरदस्त."

"काय वाचतात?"

"खुनाच्या गोष्टी. एक संपली की दुसरी. काल विचारत होत्या, विष घालून मारल्याची एखादी आहे का."

"आण्णांना माहीत आहे का हे?"

"आहे ना. आण्णा स्वतःचा चहा स्वतः करून पितात आता."