माकेरेता सिस्टरचे पैकीच्या पैकी

माकेरेता सिस्टर पाहुण्याला कधी नाही म्हणायच्या नाहीत, आणि ही गोष्ट मला त्यांच्या घरात पाऊल टाकल्यापासून अर्ध्या तासात कळली होती. ती कळली होती हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बराच काळ ती न कळल्याचं सोंग केलं.

फिजीच्या लोमाइविती बेटसमूहातल्या एका बेटावर, नावाइलेवू गावात, सिस्टर चौतीस वर्षं नर्स होत्या. एका खोलीचा दवाखाना, मागे राहायचं घर, पुढे समुद्र. बांधा दांडगा आणि आवाज त्याहून दांडगा. बाळंतपणाला आलेली बाई होडीतून उतरायच्या आतच त्या किनाऱ्यावरून तिला कळांचं विचारायच्या, आणि तिचं उत्तर सगळ्या गावाला ऐकू जायचं. त्यांच्याकडे मेणकापडात गुंडाळलेली एक जाड वही असायची. आसपासच्या पाच गावांतल्या प्रत्येक मुलाचं वजन, ताप, लस, सगळं त्या वहीत. कोणती आई लस चुकवते आणि तेव्हा कुठे लपते, हेसुद्धा समासात लिहिलेलं असे.

मी त्या वेळी राजधानीत, सुवाच्या विद्यापीठात, संगणकावर संशोधन करत होतो. यंत्र बनवणारा एक समजून बनवतो आणि वापरणारा भलतंच समजून वापरतो, ते अंतर कसं मोजायचं, हा माझा विषय. नर्सच्या वहीच्या जागी द्यायला मी टॅबलेटवरची एक नोंदवही रचली होती. आतली माहिती साठवायची व्यवस्था माझी, वरची बटणंही माझीच. ती पहिल्यांदा नर्सच्या हातात द्यायला मी नावाइलेवूला गेलो, आणि बोटीत सबंध रस्ताभर ओकलो.

आमच्या विद्येत चाचणीआधी एक वाक्य म्हणायचं असतं, "परीक्षा तुमची नाही, यंत्राची आहे." ते मी म्हटलं. पण त्याआधी रीतीप्रमाणे वर्तमानपत्रात बांधलेली अर्धा किलो यांगोनाची, म्हणजे कुटून पाण्यात कालवून प्यायची, मुळं मी सिस्टरांपुढे चटईवर ठेवली होती आणि त्यांनी ती टाळ्या वाजवून स्वीकारली होती. म्हणजे मी त्या घरचा पाहुणा झालो होतो. पाहुण्यानं आणलेल्या वस्तूला नावं ठेवायची नसतात. परक्या देशातल्या संशोधकाला हे ठाऊक नसलं तर एक वेळ चालेल. मी सुवाच्या भाजीबाजारामागे वाढलेला माणूस. माझं घराणं चार पिढ्या फिजीत. मला चालणार नव्हतं.

कामं दहा दिली होती. बाळाची लस नोंदव, वजन भर, अशी. सिस्टर नाव लिहायच्या, लस निवडायच्या आणि मग कोपऱ्यातला मागे जायचा बाण दाबायच्या. वहीचं पान उलटावं तसा. तो बाण दाबला की लिहिलेलं सगळं गुपचूप पुसलं जायचं, कारण "जतन करा" हे बटण खाली होतं आणि ते दिसायला पडदा सरकवावा लागे. दहापैकी सात कामं अशी पुसली गेली. पुसलं गेल्याचा सिस्टरांना पत्ताही नव्हता. प्रत्येक वेळी छान आहे, सोपं आहे, असं म्हणत होत्या. मी शेजारी बसून त्यांचं बोट बघत होतो.

शेवटी प्रश्नांचा कागद होता. दहा प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण.

"सगळ्यात मोठा आकडा कुठला?" त्यांनी विचारलं.

"पाच."

"मग सगळीकडे पाच लिही."

"सिस्टर, खरं वाटतं ते सांगा. वाईट सांगितलंत तरी चालेल."

"एवढ्या लांबून ओकत ओकत आलास पोरा, आणि मी तुला तीन देऊ? पाच लिही आणि जेवायला बस. अळूची पानं निवतायत."

मी पाच लिहिले. पैकीच्या पैकी. जेवलोही.

बाकीच्या पाच बेटांवरच्या पाच नर्सांनीही थोड्याफार फरकानं हेच केलं. पण टॅबलेट प्रत्येक स्पर्श आपणहून टिपून ठेवत होता. कुणी कुठे दाबलं, काय पुसलं गेलं, सगळं. सुवाला येऊन मी त्या नोंदी उघडल्या. कागदावर यंत्र उत्तम होतं आणि नोंदींत नापास. ब्रिस्बेनच्या परिषदेला निबंध पाठवायला नऊ दिवस उरले होते.

माझे मार्गदर्शक डॉ. वेरेनिकी यांनी विचारलं, स्पर्शाच्या नोंदी कुठे आहेत? मी म्हटलं, बोटीत टॅबलेटच्या डब्याला समुद्राचं पाणी लागलं, नोंदी गेल्या. त्यांनी हळहळून माझ्या पाठीवर हात ठेवला. निबंधात मी एक ओळ लिहिली, की तांत्रिक अडचणीमुळे नोंदी उपलब्ध नाहीत, पण वापरणाऱ्यांचं समाधान अत्यंत उच्च आहे. निबंधाला बक्षीस मिळालं. टॅबलेट चाळीस दवाखान्यांत गेला. नावाइलेवूला तो द्यायला मी स्वतः गेलो आणि माझ्या तोंडानं सिस्टरांना सांगितलं, "आता ती वही बंद करा. दुप्पट काम कशाला?" त्यांनी वही मेणकापडात गुंडाळली आणि कपाटावर ठेवली. मी सांगितलं म्हणून.

अकरा महिन्यांनी लसींच्या वार्षिक तपासणीत चौदा मुलांची गोवराची लस नोंदीत सापडली नाही. सिस्टर सांगत होत्या की टोचली आहे, पण नोंद नाही म्हणजे लस नाही. चौदाही मुलांना पुन्हा टोचलं. आया दवाखान्याच्या पायरीवर बसून सिस्टरांना नाही नाही ते बोलल्या. आरोग्य कार्यालयानं त्यांच्याकडे हलगर्जीपणाबद्दल खुलासा मागितला. निवृत्तीला तीन महिने राहिले होते. कार्यालयानं आम्हालाही विचारलं, यंत्रात काही दोष असू शकतो का? ते पत्र माझ्या टेबलावर आलं. मी उत्तर लिहिलं, "चाचणीत असा दोष आढळला नाही." खाली सही केली, शालेंद्र. वाक्य अक्षरशः खोटं नव्हतं, कारण चाचणीच्या निबंधात दोष नव्हताच. एवढा हुशार मी होतो.

त्या उत्तराची प्रत सिस्टरांना मिळाली. पुढच्या बुधवारी सकाळी त्या आमच्या प्रयोगशाळेच्या दारात उभ्या होत्या, सोबत थोरले भाऊ तेवीता, आणि तेवीतांच्या हातात यांगोनाचं अख्खं झाड मुळासकट, लाल फितीनं बांधलेलं. माझ्या अर्ध्या किलोच्या दसपट. सोरो करायला आल्या होत्या. ज्यानं चूक केली त्यानं मुळं पुढे ठेवून माफी मागायची, समोरच्यानं ती उचलली की गोष्ट तिथेच पुरली जाते, पुन्हा कुणी उकरायची नाही, अशी ती रीत.

खुर्च्या बाजूला केल्या. संगणकांच्या टेबलांखालच्या वायरी चुकवत सगळे जमिनीवर बसले. माफी मागणारा स्वतः बोलत नाही, म्हणून तेवीता बोलले. सिस्टर मान खाली घालून होत्या. तो दांडगा आवाज कुठे गेला होता कुणास ठाऊक.

"ही माझी बहीण," तेवीता म्हणाले. "तुम्ही हिला खरं विचारलंत, हिनं पाहुण्याचं मन राखायला खोटे आकडे दिले. यंत्र हिला जमत नव्हतं, ते हिनं लपवलं. त्यामुळे तुमची विद्या चुकली, आणि आता तुमच्या नावाला बट्टा लागतोय. हिला क्षमा करा. हे मूळ घ्या आणि इथंच पुरा."

मी हललो नाही. त्या क्षणी तोंड उघडायचं होतं. नोंदी माझ्याच टेबलाच्या खणात, एका डिस्कवर, हात लांबवला की मिळतील एवढ्या जवळ होत्या. कार्यालयाचा निर्णय शुक्रवारी होता. डॉ. वेरेनिकींना वाटलं मी रागानं गप्प आहे. त्यांनी कोपरानं ढोसलं आणि हळूच म्हणाले, "घे रे. एवढ्या मोठ्या बाईला ताटकळत ठेवू नकोस."

मी घेतलं.

सिस्टरांनी मोठा श्वास सोडला आणि डोळे पुसले. मग मुळं कुटली, लाकडी परातीत कालवली. पहिली करवंटी रीतीप्रमाणे माझ्याकडे आली, कारण ज्याच्यावर अन्याय झाला तो मी होतो. एकदा टाळी वाजवून मी ती एका दमात रिकामी केली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लाज वाटली म्हणून मी एवढ्या घाईनं प्यालो. त्यांना वाटलं, मनापासून प्याला.

दुपारी मी कार्यालयाला पत्र लिहायला बसलो. चार ओळी झाल्या. मग विचार केला की सोरो झाला, गोष्ट पुरली गेली, आता उकरणं म्हणजे सिस्टरांचाच अपमान. आयुष्यात रीतिभाती मी एवढ्या भक्तिभावानं कधी पाळल्या नव्हत्या. शुक्रवारी चार वाजता कार्यालय बंद झालं. सिस्टरांच्या कागदांवर हलगर्जीपणाचा शेरा बसला, आणि त्या निरोपसमारंभाशिवाय निवृत्त झाल्या.

बाण मात्र मी दुरुस्त केला. पुढच्या आवृत्तीत तो दाबला की यंत्र आधी विचारायचं, नोंद ठेवू का? सुधारणांच्या यादीत मी त्याला "किरकोळ" म्हटलं. आज मीच नव्या मुलांना शिकवतो की परीक्षा माणसाची नसते, यंत्राची असते. मुलं ते लिहून घेतात.

गेल्या वर्षी, नऊ वर्षांनी, कामानिमित्त नावाइलेवूला जाणं झालं. सिस्टरांना टाळायचा विचार होता, पण धक्क्यावर उतरायच्या आतच हाक ऐकू आली. शालेंद्र, पुन्हा ओकलास का? सगळा धक्का हसला. त्यांनी घरी नेलं, कसावाचा उकडलेला कंद आणि मासा वाढला. गावची नवी नर्स, लाइसानी, काखेत टॅबलेट घेऊन आली होती. यंत्र मी बनवलंय कळल्यावर ती खूश झाली.

"किती सोपं आहे हो. चुकून मागे गेलं तरी आधी विचारतं," ती म्हणाली. मग सिस्टरांकडे वळून हसली, "आणि तुम्हाला एवढंही जमलं नाही?"

सिस्टरही हसल्या. "माझी बोटंच जाडी. याच्या यंत्राचा मी पार विचका केला होता, लाइसानी. तरी यानं मला माफ केलं." आणि माझ्या ताटात मासा वाढत म्हणाल्या, "हा तसा मनानं मोठा आहे."

लाइसानी माझ्याकडे आदरानं बघत होती. मी मान खाली घालून मासा खात राहिलो.